उभ्या गाडीतले पेट्रोल आणि कार्बोरेटरची दुखणी

पावसाळाभर झाकून ठेवलेली जुनी गाडी दसऱ्याच्या पूजेसाठी बाहेर काढावी आणि ती सुरूच होऊ नये, ही तक्रार ठाणे आणि नवी मुंबईतून इतक्या पत्रांत आली आहे की या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे प्रामुख्याने प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसॅडर आणि कार्बोरेटरवाली जुनी मारुती ८०० या गाड्यांच्या मालकांची आहेत. या गाड्यांत पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देण्याचे काम कार्बोरेटर करतो. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिले आहे.

प्रश्न : वडिलांनी हौसेने घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्या इमारतीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ उभी होती. नवीन बॅटरी घातली, सेल्फ व्यवस्थित फिरतो, प्लगला ठिणगीही येते, पण इंजिन पकडत नाही. मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला तेव्हा बाऊलच्या तळाशी पांढरी भुकटी, जेटभोवती हिरवट डाग आणि कडेने तपकिरी चिकटा दिसला. ‘हा गेला, बाजारात नवीन मिळतो तो टाकू,’ असे त्याचे म्हणणे आहे. मूळ कार्बोरेटर फेकून द्यायचे माझ्या जिवावर येते. तो वाचू शकेल का, आणि हे नेमके कशामुळे झाले?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तो बहुधा वाचेल; मात्र वाचवण्याच्या नादात त्याला कायमचे बिघडवणेही तितकेच सोपे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये म्हणजे वाटीत थोडे पेट्रोल साठते, फ्लोट आणि नीडल त्याची पातळी राखतात, आणि जेटच्या बारीक भोकातून ते मापाने पुढे जाते.

तुम्हाला दिसलेले तीन रंग ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. तपकिरी चिकटा ही पेट्रोलची स्वतःची राळ होय. फ्लोट असलेला बाऊल हवाबंद नसतो. त्याला बाहेरच्या हवेकडे उघडणारे छिद्र असावेच लागते, आणि त्यातून पेट्रोलमधले हलके, लवकर पेट घेणारे घटक आधी उडून जातात. मागे उरलेल्या जड भागातले काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू घट्ट होत जातात आणि जुन्या वॉर्निशसारखा वास असलेला थर जेटच्या भोकात, नीडलच्या टोकावर आणि बारीक वाटांमध्ये बसतो. ही प्रक्रिया इथेनॉल (एक प्रकारचे अल्कोहोल) नसलेल्या पेट्रोलमध्येही होत असे, त्यामुळे तिचे खापर सर्वस्वी नव्या इथेनॉलमिश्रित इंधनावर फोडता येणार नाही.

पांढऱ्या भुकटीची गोष्ट वेगळी आहे. त्या काळातल्या बहुतेक कार्बोरेटरांचे अंग जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे आहे आणि त्यात बसवलेले जेट पितळेचे आहेत. जस्त आणि पितळ एकमेकांना चिकटून असताना त्यांच्यामध्ये वीज वाहून नेणारा द्रव आला, तर त्याची एक लहानशी बॅटरी तयार होते आणि तीत झिजते ते जस्त. निव्वळ पेट्रोलमधून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून जुन्या काळी ही जोडी वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने नांदली. इथेनॉल मात्र हवेतली आर्द्रता ओढून घेते, आणि पाणी मुरलेले इथेनॉल विजेला वाट देते. देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण जून २०२२ मध्ये सरासरी दहा टक्क्यांवर पोहोचले; वीस टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर सुरू झाली आणि आता तेच सर्वत्र मिळते. खाडीकाठच्या ठाण्यात जून ते सप्टेंबर बाऊलच्या छिद्रातून आत जाणारी हवा किती दमट असते, हे वेगळे सांगायला नको. बाऊलमधले पेट्रोल उडत जाते तसतसे तळाशी उरलेल्या थोड्या द्रवात पाणी, आम्ल आणि राळ यांचे प्रमाण वाढत जाते, आणि शेवटी जस्तावर त्याचीच पांढरी संयुगे साचतात. हिरवट डाग हे पितळेतल्या तांब्याचे क्षार आहेत. ते दिसायला भयंकर असले तरी तिन्हींमध्ये सर्वांत कमी घातक आहेत.

आता साफसफाईकडे वळू. प्रथम फ्लोट, नीडल, पॅकिंग, अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा पडदा आणि रबराचा प्रत्येक भाग काढून बाजूला ठेवावा. सगळे जेट नीट बसणाऱ्या स्क्रू-ड्रायव्हरने काढावेत. पितळ मऊ असल्यामुळे खाच एकदा चिरडली की जेट काढायला लेथवाल्याकडे जावे लागते. प्रत्येक जेटवरचा क्रमांक आणि त्याची जागा कागदावर लिहून ठेवावी, कारण आधीच्या एखाद्या कारागिराने दोन जेटांची अदलाबदल केलेली असणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. चिकटा कार्बोरेटर क्लीनरच्या स्प्रेने सुटतो. पांढऱ्या भुकटीसाठी सौम्य, आम्ल किंवा अल्कली नसलेले द्रावण आणि अल्ट्रासॉनिक यंत्र हा सर्वांत चांगला मार्ग आहे. यंत्र नसेल तर मऊ दातांचा ब्रश, कोमट साबणाचे पाणी आणि भरपूर चिकाटी. त्यानंतर कॉम्प्रेसरची हवा प्रत्येक वाटेतून मारावी, तीही डोळ्यांना चष्मा लावूनच. एका टोकाने मारलेला स्प्रे दुसऱ्या टोकाने धार धरून बाहेर पडतो की नाही, हे प्रत्येक छिद्रापाशी पाहावे. जेटमध्ये सेफ्टी पिन किंवा तार खुपसण्याची गॅरेजमधली सवय मात्र कटाक्षाने टाळावी. त्या भोकांचे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात ठरवलेले असते आणि लोखंडी तारेचा एक ओरखडा ते माप बदलून टाकतो.

चिंचेने तांब्याची भांडी लखलखतात म्हणून कार्बोरेटरही चिंचेच्या, लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावा, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो ऐकू नये. जस्त आम्लातही विरघळते आणि कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र अल्कलीतही विरघळते. संडास धुण्याचे अ‍ॅसिड तर त्याचा काही मिनिटांत फडशा पाडते. शिवाय जुन्या कार्बोरेटरवर जी सोनेरी-पिवळी झाक दिसते ती नुसती शोभेची नाही. कारखान्यात जस्ताला क्रोमेटच्या द्रावणात बुडवून गंजरोधक थर दिलेला असतो, त्याचा तो रंग आहे. आम्लाने घासून पांढराशुभ्र केलेला कार्बोरेटर हा थर गमावून बसतो आणि पुढच्या पावसाळ्यात पूर्वीपेक्षा लवकर गंजतो. तेव्हा तो चकचकीत दिसला पाहिजे हा आग्रह सोडून द्यावा; आतल्या वाटा मोकळ्या झाल्या आणि बाहेरची पिवळी झाक टिकली, तर काम उत्तम झाले.

भुकटी निघाल्यावर खाली खड्डे दिसतील. बाऊलच्या तळाला किंवा भिंतीला उथळ खड्डे असतील तर काही बिघडत नाही. झाकण जिथे बसते त्या सपाट पृष्ठभागावर ते असतील तर जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, त्यावर तो भाग हलक्या हाताने आठच्या आकड्यात फिरवून सपाट करता येतो. खड्डे जेटच्या आट्यांमध्ये, जेट टेकतो त्या कडेला किंवा नीडलच्या सीटजवळ गेले असतील तर मात्र मेकॅनिकचे म्हणणे खरे मानावे लागेल, कारण तिथून पेट्रोल जेटला वळसा घालून जाते आणि कितीही ट्युनिंग केले तरी गाडी ताळ्यावर येत नाही. थ्रॉटलचा (अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर उघडणाऱ्या झडपेचा) स्पिंडल म्हणजे दांडा धरून वर-खाली हलवून पाहा. तो खडखडत असेल तर गाडी तिथून हवा घेते. पण त्याला बुश बसवून घेता येते आणि ठाण्यात वागळे इस्टेटच्या परिसरात असे बारीक लेथकाम करणारे कारागीर शोधल्यास सापडतात.

बाजारातल्या नव्या कार्बोरेटरविषयी माझे मत विचाराल तर तो शेवटचा उपाय ठेवावा. सगळ्याच नकला टाकाऊ असतात असे नाही, पण त्यांच्या जेटांवर कोरलेला आकडा आणि प्रत्यक्ष भोक यांचा मेळ बसेलच याचा भरवसा नसतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणे थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे, आणि मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाल्या. त्या टॅक्सींच्या जोरावर तग धरून असलेला सुट्या भागांचा बाजार आता आटतच जाणार, म्हणून नवीन घेतलात तरी मूळ कार्बोरेटर भंगारात देऊ नका.

प्रश्न : माझ्या अ‍ॅम्बॅसॅडरचा कार्बोरेटर या वर्षात अनेकदा साफ करून झाला. दर वेळी गाडी दोन-तीन दिवस झकास चालते आणि मग पुन्हा मिसिंग, झटके, शेवटी बंद. मेकॅनिक बदलून पाहिला. आता कोणता कार्बोरेटरतज्ज्ञ गाठावा?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : कार्बोरेटरतज्ज्ञ नको, टाकीकडे लक्ष द्या. साफ केलेला कार्बोरेटर दोन-तीन दिवसांत पुन्हा बुजतो याचा अर्थ कचरा मागून येतो आहे. टाकीचा पत्रा आतून गंजला की त्याची तांबडी भुकटी इतकी बारीक असते की साध्या जाळीतून ती सहज पार होते. त्यातच इथेनॉलला वर्षानुवर्षांचा जुना थर सोडवण्याची खोड आहे. जे खवले पूर्वीच्या पेट्रोलमध्ये पत्र्याला चिकटून निवांत पडले होते, ते आता सुटून वाटेला लागतात.

खात्री करून घेण्यासाठी एसी पंपाकडे (टाकीतून कार्बोरेटरला पेट्रोल पोहोचवणाऱ्या पंपाकडे) येणारी नळी सोडवून थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या आणि तासभर हलवू नका. तळाशी तांबडा गाळ बसला तर टाकी गंजलेली आहे. तळाशी पेट्रोलपासून वेगळा, रेषा आखल्यासारखा थर दिसला, तर ते नुसते पाणी नसून पाणी आणि इथेनॉल यांचे मिश्रण आहे. दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकते आणि ई-२० त्याहून काहीसे जास्त. ती मर्यादा ओलांडली किंवा थंडी वाढली की पाणी इथेनॉलला सोबत घेऊन खाली बसते. टाकीची तोटीही तळाजवळच असल्यामुळे इंजिनाला आधी तेच मिळते आणि ते पेटत नाही. नुसत्या दमट हवेने बंद टाकीत एवढे पाणी जमायला फार काळ लागतो, म्हणून असा थर दिसला तर टाकीच्या झाकणाचे रबर आणि नळीचे जोड आधी तपासा. बहुतेक वेळा पाणी पावसाचे किंवा गाडी धुतानाचे असते.

टाकी गाडीवरून उतरवूनच साफ करावी. आत सायट्रिक अ‍ॅसिडचे कोमट द्रावण भरून गंज सुटू द्यावा, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारावे आणि लगेच गरम हवेने पूर्ण वाळवून थोडे तेल फिरवावे, कारण उघडा पडलेला पत्रा ओला राहिला तर डोळ्यांदेखत पुन्हा तांबडा होतो. टाकी पत्र्याची असते, इथे जस्त नाही, म्हणून इथे आम्ल चालते. आतून लेप देणारी रसायने मिळतात, परंतु ती इथेनॉलला टिकणारी आहेत असे डब्यावर स्पष्ट लिहिले असेल तरच वापरावीत. जुन्या प्रकारचे काही लेप इथेनॉलमध्ये मऊ होऊन पापुद्रे सोडतात आणि मग गंज परवडला असे म्हणायची वेळ येते. टाकीला भोक असेल तर पेट्रोलची टाकी ‘धुऊन घेतली आहे’ एवढ्या भरवशावर वेल्डिंगवाल्याकडे देऊ नका. धुतलेल्या टाकीच्या सांध्यांतही वाफ उरते आणि तिला एक ठिणगी पुरते. हे काम रेडिएटर आणि टाक्यांचेच काम करणाऱ्या माहितगार माणसाकडून करून घ्यावे.

टाकी साफ झाल्यावर रबरी नळ्या आणि एसी पंपाचा पडदाही बदला. जुने रबर इथेनॉलमुळे फुगते, मऊ पडते आणि आतून काळी पूड सोडते. ‘एसएई जे३० आर९’ असा छाप असलेली नळी आतून फ्लुओरोकार्बन रबराची असते आणि ती इथेनॉलला दाद देत नाही. नुसत्या ‘पेट्रोल पाइप’ म्हणून मीटरवर मिळणाऱ्या नळीपेक्षा ती महाग पडेल, पण इंजिनावर पेट्रोलची गळती होण्यापेक्षा तो खर्च केव्हाही बरा. हे सगळे झाल्यावर मग कार्बोरेटर शेवटचा साफ करा.

प्रश्न : आम्ही दोघे सहा महिन्यांसाठी मुलीकडे परदेशी जात आहोत. मारुती ८०० सोसायटीत उभी राहील. कोणी म्हणते टाकी गच्च भरून ठेवा, कोणी म्हणते पूर्ण रिकामी करा. वॉचमनला आठवड्यातून एकदा पाच मिनिटे गाडी सुरू करायला सांगितले आहे. ते पुरेसे आहे ना?
— एक ज्येष्ठ वाचक, वाशी

उत्तर : वॉचमनला आजच नको म्हणून सांगा. एक लिटर पेट्रोल जळले की वाफेच्या रूपाने साधारण एक लिटर पाणी तयार होते. गाडी वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर चालली तर ते बाहेर पडते. उभ्या जागी पाच मिनिटे चालवून बंद केली तर ते सायलेन्सरमध्ये आणि इंजिन ऑइलमध्ये थंड होऊन साचते. शिवाय दर वेळी बाऊलमध्ये नवे पेट्रोल भरते आणि पुन्हा आठवडाभर तिथे उडत, सुकत राहते. आठवड्याला पाच मिनिटे गाडी सुरू करणे हे तिची काळजी घेतल्याचे समाधान तेवढे देते. पहाटेच्या वेळी कोणी जबाबदार माणूस ती पामबीच रस्त्याने बेलापूरपर्यंत नेऊन परत आणणार असेल तर गोष्ट वेगळी.

टाकीच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणारी माणसे आहेत आणि दोघांचेही काही अंशी खरे आहे. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते, त्यामुळे दिवसाच्या उष्णतेने आणि रात्रीच्या गारव्याने आत-बाहेर होणारी दमट हवा कमी आणि पत्रा गंजायला वावही कमी. उलट सहा महिन्यांनी ते सगळे पेट्रोल शिळे होते. माझा कल असा आहे : टाकी आतून स्वच्छ असेल, झाकण घट्ट बसत असेल आणि मुक्काम सहा महिन्यांच्या आसपासचाच असेल, तर ताजे पेट्रोल जवळजवळ काठोकाठ भरून त्यात फ्युएल स्टॅबिलायझर घालावा. हे औषध ताज्या पेट्रोलात घालायचे असते. शिळ्या पेट्रोलला ते ताजे करत नाही. ते घातल्यावर गाडी दहा-बारा किलोमीटर चालवावी, म्हणजे औषधी पेट्रोल पंप आणि कार्बोरेटरपर्यंत पोहोचते. वर्ष-दीड वर्षाचा प्रश्न असेल किंवा टाकीविषयी आधीच शंका असेल, तर ती रिकामी करून पूर्ण वाळवावी आणि आत तेलाचा हलका फवारा मारावा. रिकामी पण न वाळवलेली टाकी ही सर्वांत वाईट. ती गंजतेही आणि आत वाफ भरून राहिल्यामुळे भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायकही असते.

यांपैकी काहीही निवडलेत तरी बाऊल मात्र रिकामाच हवा, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्यातले हेच काम सर्वांत महत्त्वाचे आहे. टाकीतले पेट्रोल बंद जागेत असते. बाऊलमधले काही चमचे पेट्रोल उघड्या हवेशी रोज संपर्कात असते, आणि जेटाचे भोक तिथेच त्या पेट्रोलात बुडालेले असते. पंपाकडे येणारी नळी सोडवून तिच्या तोंडात बूच बसवावे, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, आणि मग बाऊलच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू असेल तर तो उघडून उरलेले थेंबही काढावेत. जुन्या सोलेक्स बनावटीच्या कार्बोरेटरांपैकी बऱ्याच नमुन्यांत मुख्य जेटच बाहेरून उघडता येणाऱ्या धारकात बसवलेला असतो, तो सोडवला की बाऊल रिकामा होतो. कोरड्या बाऊलमध्ये पॅकिंग आणि पंपाचा पडदा थोडे आखडतात, ही हरकत खरी आहे. पण पॅकिंगची किंमत आणि कार्बोरेटरची किंमत यांची तुलना तुम्हीच करा. परत आल्यावर नळी जोडून प्रथम सेल्फ थोडा-थोडा, मध्ये विश्रांती देत फिरवावा, म्हणजे बाऊल भरतो.

प्रश्न : ई-२० पेट्रोल येऊ लागल्यापासून माझ्या पद्मिनीचा पिकअप गेला आहे. चढावर कार्बोरेटरमधून ‘फट् फट्’ असा आवाज येतो. जेट मोठा करावा का?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : कदाचित होय, पण पहिल्याच दिवशी नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ किलो. त्यामुळे ई-२० ला सुमारे साडेतेरा किलो पुरते. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांतला सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला बिचाऱ्याला काही कळत नाही, तो जुन्याच मापाने देत राहतो आणि मिश्रणात इंधन सात-आठ टक्के कमी पडते. अशा पातळ मिश्रणाने इंजिन गरम चालते आणि कार्बोरेटरमधून उलटा आवाज येतो.

तथापि अर्धवट बुजलेला जेट, सैल मॅनिफोल्ड (कार्बोरेटरमधून इंजिनात मिश्रण नेणारी नळी), आखडलेले पॅकिंग आणि झिजलेला स्पिंडल यांचीही लक्षणे हुबेहूब हीच असतात. ती सगळी कारणे निकालात काढावीत, इग्निशन टायमिंग तपासावे आणि भरधाव चालवून लगेच बंद केलेल्या इंजिनाचे प्लग काढून पाहावेत. टोक पांढरेफटक असेल तर मिश्रण पातळ आहे. तेव्हा मुख्य जेट एकच पायरी वाढवावा. १२० च्या जागी १२५ घातला तर भोकाचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांच्या आसपास वाढते, आणि तेवढेच हवे असते. आहे त्याच जेटला ड्रिल मारून ‘थोडा मोठा’ करून देणाऱ्याला हात जोडून परत पाठवा. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असल्यामुळे जेट योग्य बसवला तरी मायलेज थोडे खालीच राहील.

प्रश्न : पेट्रोलमध्ये पाणी घालून हलवले की इथेनॉल पाण्यात उतरते आणि वरचे शुद्ध पेट्रोल काढून घेता येते, असे एका परिचिताने करून दाखवले. हे नियमित करावे का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : पंपावरच्या पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे हे पाहण्याची चाचणी म्हणून ते ठीक आहे. मोजपात्रात दहा मिलिलिटर पाणी आणि नव्वद मिलिलिटर पेट्रोल घेऊन, मोकळ्या हवेत आणि कुठेही ज्योत नसताना, हलवून स्थिर ठेवावे. ई-२० असेल तर खालचा थर दहावरून पंचवीस-अठ्ठावीसच्या घरात जातो. गाडीत घालण्यासाठी मात्र हे करू नका. इथेनॉल गेल्यावर मागे उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन (इंजिनात अकाली न पेटण्याची क्षमता) खाली येतो, कारण तेल कंपन्या इथेनॉलचा ऑक्टेन हिशेबात धरूनच मूळ पेट्रोल बनवतात. त्यात पाण्याचा अंश राहतो तो वेगळाच. आणि बादलीभर पेट्रोल हलवत बसणे हा इमारतीत करायचा उद्योग नव्हे.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावर कोंडीत सापडले की माझी गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते. हेही गंजामुळेच का?
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर : नाही, हे उष्णतेचे दुखणे आहे. रांगत चालताना बंद पडते आणि पेट्रोलचा वास येत नाही, तर पंपात किंवा नळीत वाफेचे बुडबुडे अडकले आहेत. एसी पंपावर ओले फडके ठेवण्याचा टॅक्सीवाल्यांचा उपाय याच रोगावरचा आहे आणि तो खरोखर लागू पडतो. बंद करून पाच-दहा मिनिटांनी सुरू होत नाही आणि वास मात्र भरपूर येतो, तर बाऊलमधले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडले आहे. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून, तो पंप न करता सेल्फ मारावा. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला उष्णतारोधक जाड तुकडा कोणी ‘अनावश्यक’ म्हणून काढून टाकला नाही ना, आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टला लागून जात नाही ना, हे पाहून घ्या.

प्रश्न : टाकीतून वीस-बावीस लिटर जुने पेट्रोल काढले आहे. रंग गडद आणि वास आंबूस आहे. त्याचे काय करावे? नवीन पेट्रोलमध्ये थोडे-थोडे मिसळून संपवता येईल का?
— एक वाचिका, सीबीडी बेलापूर

उत्तर : काही महिन्यांचे, स्वच्छ रंगाचे, वास न बदललेले पेट्रोल असते तर नऊ-दहा पट ताज्या पेट्रोलात मिसळून संपवायला मी हरकत घेतली नसती. तुम्ही वर्णन केलेले पेट्रोल मात्र कोणत्याही इंजिनात घालू नये. त्यातली राळ नव्या गाडीच्या इंजेक्टरमध्ये जाऊन बसेल आणि ती दुरुस्ती कार्बोरेटरपेक्षा महाग पडेल. ते गटारात किंवा पावसाळी नाल्यातही ओतू नका. नाला शेवटी खाडीला मिळतो, आणि त्याआधी बंद गटारात जमलेल्या वाफेवर कोणी जळती विडी टाकली तर मोठा अनर्थ होऊ शकतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते, म्हणून डबा स्टिल्टमध्ये पंपाच्या मोटारीजवळ किंवा तळघरात ठेवू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या धातूच्या जेरीकॅनमध्ये, काठाशी थोडी जागा सोडून, सावलीत आणि मोकळ्या हवेत ठेवा आणि वर ‘जुने पेट्रोल’ असे ठळक लिहा. टाकाऊ ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवणाऱ्या एखाद्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला आधी फोन करून ते पेट्रोल घेतील का हे विचारावे. सगळेच घेत नाहीत, म्हणून डबा गाडीत टाकून दारोदार फिरण्याआधी फोन करणे बरे.